अमेरिकी प्रायमरी: ‘हा काय येतोय निवडून’ असा उमेदवार गांभीर्याने कधी घ्यायचा?

पारावरचा (धागाकर्ता)

आपल्याकडे उमेदवार ठरतो एबी फॉर्मवर. फॉर्म ज्याच्या हाती पडला तो पक्षाचा, उरलेले बंडखोर. अमेरिकेत पक्षाध्यक्षाकडे असा फॉर्मच नसतो. उमेदवार कोण हे प्रायमरीतले, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या निवडणुकीतले मतदार ठरवतात, त्यामुळे पक्षात ज्याला कोणी विचारत नाही असा माणूसही थेट मतपत्रिकेवर येऊन बसू शकतो. असा कोणी आला की सगळीकडे आधी हसतात. २०१५च्या जुलैत हफिंग्टन पोस्टने ट्रम्पच्या बातम्या राजकारणातून काढून करमणूक विभागात टाकल्या होत्या. पुढे काय झालं ते माहीत आहेच.

पण दर वेळी ‘ट्रम्पलाही हसले होते’ म्हणत प्रत्येक गवशाला डोक्यावर घेण्यातही अर्थ नाही. न्यू हॅम्पशायरला अर्जासोबत १,००० डॉलर भरले की झालं, सह्या लागत नाहीत. २०१६ला तिथे दोन्ही पक्षांचे मिळून पन्नासच्या वर लोक उभे होते, त्यात डोक्यावर बूट घालून फिरणारे एक गृहस्थही. मग हवशे-नवशे कोण आणि खरोखर धोका कोणापासून, हे मतदानाआधी कशावरून ओळखायचं? चाचण्या, पैसा, नियम, यात आधी काय बघायचं? किस्से नकोत, आकडे हवेत.

गणितमास्तर

आधी मैदानात किती जण आहेत ते मोजा. उमेदवार बाजूला ठेवा. बाहेरच्या माणसाला सुरुवातीला बहुमत लागतच नाही. त्याला लागतो एक घट्ट गट, आणि समोर एकमेकांची मतं खाणारे पाच-सात ‘सभ्य’ उमेदवार.

२०१६ला रिपब्लिकनांकडे १७ जण होते. न्यू हॅम्पशायरला ट्रम्प ३५ टक्के, दुसरे केसिक १६ टक्क्यांच्या आत. पुढचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो म्हणजे टक्क्यांचे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) कसे होतात. न्यू हॅम्पशायरला वाटप प्रमाणात, म्हणून ३५ टक्क्यांना २३ पैकी ११. अकरा दिवसांनी साउथ कॅरोलायना. तिथे राज्यात पहिला येणाऱ्याला २९, आणि सात मतदारसंघांपैकी ज्यात पहिला येईल तिथले प्रत्येकी ३. ट्रम्पना मतं साडेबत्तीस टक्के, म्हणजे न्यू हॅम्पशायरपेक्षा कमी. डेलिगेट पन्नासपैकी पन्नास. तीनात दोन मतदारांनी त्यांना नाकारलं आणि बाकीच्यांच्या हाती भोपळा.

उंबरठ्याचा मार वेगळाच. टेक्सासात डेलिगेटच्या वाट्यासाठी किमान २० टक्के मतांची अट होती. रुबिओ १७.७ वर अडकले आणि १५५ पैकी त्यांना मिळाले ३. त्याच दिवशी अलाबामात पावणेएकोणीस टक्के मतांवर १. याला ‘थोडक्यात हुकलं’ म्हणता येत नाही, पंक्तीतूनच उठवलं.

म्हणून चाचणीत ‘ट्रम्प ३०, बाकी मिळून ७०’ दिसल्यावर ‘सत्तर टक्के विरोधात आहेत’ असं वाचणं चूक. ते सत्तर एका नावामागे केव्हा येणार, आणि तोवर किती डेलिगेट वाटून झालेले असणार, हा प्रश्न विचारायचा.

तळटीप

मास्तर, त्याच्याही आधीची पायरी राहिली. माणूस मतपत्रिकेवर येतोय का? आपल्याकडे अपक्षाला दहा सूचक आणि अनामत पुरते. तिथे राज्यागणिक नियम वेगळे आणि सह्यांच्या कागदांवर भलेभले आडवे झालेत.

व्हर्जिनिया, २०१२, रिपब्लिकनांची अध्यक्षपदाची प्रायमरी. लागत होत्या १०,००० वैध सह्या, शिवाय अकराही मतदारसंघांतून किमान ४०० प्रत्येकी. गिंगरिच यांनी सुमारे ११ हजार दिल्या, पेरींनी १२ हजारांच्या आत. छाननीत दोघेही बाद. गिंगरिच तर स्वतः व्हर्जिनियातच राहत होते, आणि त्या महिन्यात राष्ट्रीय चाचण्यांत आघाडीवर होते. बाकीच्या तिघांनी कागदच दिले नाहीत. पक्षाने १५ हजारांच्या वर देणाऱ्यांना बारीक छाननीतून सूट ठेवली होती, रॉमनींच्या लोकांनी १६ हजार नेऊन ठेवल्या आणि सुटले.

याचा मास्तरांच्या मुद्द्याशी थेट संबंध आहे. मतपत्रिकेवर नावं उरली दोनच, रॉमनी आणि रॉन पॉल. पॉल यांना देशभरात सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास मतं होती. व्हर्जिनियात ४० टक्के पडली. विचार तोच, माणूस तोच, समोरची गर्दी फक्त गेली.

सह्या बाद का होतात? मतदार त्या मतदारसंघातला नसतो. नोंदणीवरचा पत्ता जुना निघतो. एकच माणूस दोनदा सही करतो. कागद फिरवणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र अर्धवट राहतं. म्हणून किमान आकड्याच्या दीडपट जमवायच्या हा साधा हिशेब. पैसे देऊन माणसं लावली तर आणखी एक रोग असतो. मिशिगन, २०२२, गव्हर्नरपदाची रिपब्लिकन प्रायमरी: १५,००० वैध सह्या हव्या होत्या. चाचण्यांत पुढे असलेले जेम्स क्रेग, डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख, यांनी २१ हजारांवर दिल्या. ग्राह्य धरल्या गेल्या १० हजारांच्या आसपास. निवडणूक कार्यालयाच्या अहवालात कारण होतं: फिरवणाऱ्यांनी टेबलाभोवती बसून आळीपाळीने एकेक ओळ भरली होती, म्हणजे अक्षर सलग एकाच हाताचं वाटू नये. एकूण पाच इच्छुक एका झटक्यात घरी.

तेव्हा अर्जाची शेवटची तारीख उलटेपर्यंत कोणालाही ‘आघाडीवर’ म्हणू नये.

कांदेपोहे

नियम ठीक आहेत हो, पण फुगे किती असतात ते पण सांगा ना. २०११च्या उत्तरार्धात रिपब्लिकनांकडे दर महिन्याला नवा नवरदेव. आधी पेरी, मग पिझ्झा कंपनीचे माजी प्रमुख हर्मन केन, मग गिंगरिच. केन ऑक्टोबरात चाचण्यांत पहिले, ३ डिसेंबरला प्रचार बंद. आयोवात, म्हणजे पहिल्याच राज्यात, मतदान व्हायला अजून महिना होता!

२००४चे डेमोक्रॅटांचे हॉवर्ड डीन आठवा. पैसा जोरात, इंटरनेटवर गर्दी, राष्ट्रीय चाचणीत पहिले. आयोवात केरी ३८, एडवर्ड्स ३२, डीन १८. नारिंगी टोप्या घातलेले बाहेरगावचे स्वयंसेवक दारोदार फिरले आणि आयोवाकर म्हणाले, तुम्ही कोण आम्हाला सांगणारे.

दर चार वर्षांनी असे आठ-दहा येतात आणि त्यातला एखादाच चालतो. मग ‘गांभीर्याने घ्या’ हा सल्ला दहात नऊ वेळा चुकणारच की.

गणितमास्तर

कांदेपोहे, केन आणि ट्रम्प यांच्यात फरक करता येतो, आणि तोही आधी. माझ्या मते चार खुणा आहेत.

पहिली, पसंती-नापसंती. ‘मत कोणाला’ या प्रश्नाखाली हे कोष्टक दडलेलं असतं आणि बातमीत येत नाही. जून २०१५मध्ये रिपब्लिकन मतदारांतच ट्रम्प यांच्याविषयी नापसंती जास्त होती. त्यावरून सगळ्यांनी ‘याची कमाल मर्यादा ठरलेली’ असं गणित केलं. ऑगस्टपर्यंत पारडं फिरलं होतं. नापसंती हलते आहे की नाही हे पाहायचं. हलत नसेल तर फुगा.

दुसरी, टिकाऊपणा. केन यांची आघाडी काही आठवड्यांची. ट्रम्प जुलैत वर गेले आणि मधला एखादा आठवडा सोडला तर मतदानापर्यंत राष्ट्रीय चाचण्यांत वरच राहिले. प्रत्येक वादानंतर ‘आता संपला’ म्हणायचं आणि दोन आठवड्यांनी आकडा तिथेच. तीन वेळा असं झालं की आपलंच गृहीतक तपासायला घ्यावं.

तिसरी, दुसरी पसंती. डीन इथेच गेले. डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये (मतपेटीऐवजी सभेत जमून आपापल्या उमेदवाराचे गट करायचे) एखाद्या खोलीत १५ टक्के जमले नाहीत तर त्या गटाने दुसरीकडे जायचं असतं. ही विखुरलेली माणसं कोणाकडे जातात? ज्याला पहिली पसंती भरपूर पण दुसरी पसंती कोणाचीच नाही, तो कॉकसमध्ये आहे तिथेच राहतो.

चौथी खूण म्हणजे राष्ट्रीय चाचणी विसरून पहिल्या तीन-चार राज्यांच्या चाचण्या पाहणं. २००७मध्ये रिपब्लिकनांचे जुलियानी राष्ट्रीय पातळीवर पहिले होते. सुरुवातीची राज्यं सोडून फ्लोरिडावर भिस्त ठेवली, तिथे तिसरे आले, डेलिगेट शून्य. आणि ते तर ‘आतले’ मानले जात होते.

टपरीवाला

पैशाचं कोणी बोललंच नाही. एकूण किती जमले हा आकडा दाखवायचा असतो, कामाचा नसतो. जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅकने (उमेदवारासाठी पण त्याच्यापासून वेगळा पैसा जमवून खर्च करणारी संस्था) २०१५च्या पहिल्या सहामाहीत १० कोटी डॉलरच्या वर जमवले. बुश यांना शेवटी डेलिगेट मिळाले चार. चार!

निवडणूक आयोगाकडे भरलेल्या तिमाही हिशेबात तीन रकाने बघा. २०० डॉलरच्या आतल्या देणग्यांचा वाटा, शिल्लक रोकड, आणि त्या तिमाहीत जमेपेक्षा खर्च किती. २०१६ला एका माणसाला प्रायमरीसाठी २,७०० डॉलरच देता येत होते. ज्याचे देणगीदार सगळे २,७००वाले, त्याची विहीर आटली. ज्याचे २७ डॉलरवाले, तो दर महिन्याला त्याच माणसाकडे परत जाऊ शकतो. डेमोक्रॅटांकडचे सँडर्स असेच टिकले, शेवटपर्यंत.

आणि सुपर पॅकचा पैसा उमेदवाराच्या खिशात येत नाही. कार्यालयाचं भाडं, पोरांचे पगार, साउथ कॅरोलायनाची ४०,००० डॉलर फी, हे सगळं उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यातून. स्कॉट वॉकर आयोवात पुढे होते, सुपर पॅककडे लाखो डॉलर पडून होते, पण स्वतःचं खातं रिकामं. ७१ दिवसांत दुकान बंद.

मिशिगंधा

मराठी माणसाचं उदाहरण कोणीच कसं दिलं नाही? श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, रसायन उद्योगातून आलेले, ‘ही श्रीची इच्छा’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. २०१८ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. पक्षात कसलंही पद नाही, स्वतःचे एक कोटी डॉलरच्या वर ओतले, फेब्रुवारीतच टीव्ही जाहिराती सुरू, सुरुवातीच्या चाचण्यांत वर. निकाल: व्हिटमर ५२, अल-सईद ३०, ठाणेदार १८च्या आसपास. तिघांतच लढत होती आणि समोरची एक बाई एकटीच निम्म्यावर. जाहिरातीने नाव कळतं. मैदान भरलेलं नसेल तर त्या नावाचं फारसं काही होत नाही.

आता २०२२. तेच ठाणेदार, मधल्या काळात २०२०ला राज्य विधानसभेत निवडून आलेले, डेट्रॉइटच्या १३व्या काँग्रेस मतदारसंघात. या वेळी रिंगणात नऊ जण. ठाणेदार २८ टक्के, दुसरे हॉलियर २३-२४. विजयी. मिशिगनला दुसरी फेरी नाही, एका मताने पुढे असलात तरी उमेदवारी तुमची. मतदारसंघ इतका पक्का डेमोक्रॅटिक की प्रायमरी जिंकली म्हणजे वॉशिंग्टनचं तिकीट काढलं. २८ टक्क्यांवर खासदार!

२०२४ला हॉलियर परत उभे राहिले. लागणार होत्या १,००० सह्या, दिल्या दीड हजारांवर, वैध ठरल्या ८६३. बाद. तळटीप म्हणतात ते उगाच नाही.

अवांतर: मिशिगनलाच ११व्या मतदारसंघात २०१२ला विद्यमान खासदार मॅकॉटर यांचे सह्यांचे कागद झेरॉक्स-कातरकाम केलेले निघाले. ते बाहेर पडले आणि छापील मतपत्रिकेवर एकच रिपब्लिकन नाव उरलं, केरी बेन्टिव्होलिओ. शिक्षक, रेनडिअर पाळायचे, नाताळात सांता व्हायचे. पक्षाच्या मंडळींनी घाईघाईने एका माजी राज्य सिनेटर बाईंना मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून निवडून आणायची मोहीम काढली. जमली नाही. बेन्टिव्होलिओ प्रायमरीही जिंकले आणि नोव्हेंबरची मुख्य निवडणूकही. २०१४च्या प्रायमरीत समोर एकच भक्कम उमेदवार आला आणि ते हरले.

कांदेपोहे

रेनडिअर! बरं, हे मान्य. पण हा योगायोग झाला.

तळटीप

सह्यांचं कातरकाम हा योगायोग. आपलं नाव वेळेत, नीट छापून आणणं हा नाही.

आता पुढची पायरी. मतं मिळाली म्हणजे डेलिगेट मिळाले असं नाही, आणि उलटही. आयोवा २०१२: ३ जानेवारीच्या रात्रीची मोजणी कोणाला बांधील नव्हती. खरे प्रतिनिधी त्याच रात्री, भाषणं संपून गर्दी घरी गेल्यावर, खोलीत जे उरतात त्यांच्यातून निवडले जायचे. तिथून जिल्हा, मग मतदारसंघ, मग राज्य अधिवेशन. रॉन पॉल यांची माणसं बसून राहिली. मतांत २१ टक्के घेऊन तिसरे, शेवटी २८ पैकी २२ डेलिगेट त्यांचे.

कोलोरॅडो २०१६ याचं उलटं रूप. तिथे प्रायमरीच नव्हती, अधिवेशनातून निवड. राज्य अधिवेशनात १३ जागांसाठी सहाशेच्या वर इच्छुक, प्रत्येकाला बोलायला दहा सेकंद. अशा वेळी हातात यादी लागते: आपल्या माणसांचे क्रमांक अमुक, तेवढ्यावर खूण करा. क्रूझ यांची यादी चोख होती, त्यांच्या माणसांच्या अंगावर शर्टही क्रमांकाचे. ट्रम्प यांच्या पत्रकावर काही क्रमांकच चुकीचे छापले होते. क्रूझ यांनी सगळे नेले.

मास्तरांच्या १,२३७च्या गणितात (२०१६ला रिपब्लिकन उमेदवारीला लागणारे डेलिगेट) या राज्यांसाठी वेगळा रकाना करा.

पारावरचा

१,२३७ हा आकडा मास्तरांनी अजून दिलाच नाही, पण बरोबर आहे: २,४७२ पैकी अर्ध्याहून एक जास्त. इलिनॉयचंही सांगायला हवं. तिथे मतदारसंघातल्या डेलिगेटांची स्वतःची नावं मतपत्रिकेवर, कंसात ते कोणाचे. ट्रम्प यांच्याच यादीतल्या परदेशी वाटणाऱ्या नावांना इतरांपेक्षा कमी मतं पडली आणि काही डेलिगेट तेवढ्यावर हातचे गेले. माणसं निवडताना हेही बघावं लागतं, हे वाचून जरा कसंसंच झालं.

डेमोक्रॅटांकडेही पहिला आला म्हणून सगळं मिळतं का?

टपरीवाला

नाही. डेमोक्रॅटांकडे सगळं प्रमाणात, १५ टक्क्यांचा उंबरठा. इथे बाहेरच्याला झटकन पुढे पळता येत नाही, पण त्याला झटकन संपवताही येत नाही.

खरी गंमत सम-विषमात आहे. दोघांची लढत धरा. मतदारसंघात चार डेलिगेट असतील तर ५५ टक्के घेऊनही २-२. ३-१ करायला साडेबासष्टच्या वर जावं लागतं. तीन डेलिगेट असतील तर ५० टक्क्यांवर एक मत जास्त आणि २-१. म्हणजे सम आकड्याच्या मतदारसंघात थोडक्यात पुढे असलात तर तिथे पैसा ओतू नका, विषम आकड्याच्या ठिकाणी ओता.

ओबामांच्या लोकांनी २००८ला हेच केलं. ५ फेब्रुवारीला हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सी जिंकलं, अकरा लाखांवर मतदान, डेलिगेट ५९-४८. फायदा ११. त्याच दिवशी ओबामांनी आयडाहोचं कॉकस घेतलं, आले होते जेमतेम २१ हजार लोक. १५-३. फायदा १२. टीव्हीवर रात्रभर न्यू जर्सी.

मात्र दोघांत अंतर पडलं की हेच प्रमाण अंगावर येतं. एकदा शे-दीडशेने मागे पडलात की ५२-४८ने राज्यं जिंकून काही होत नाही, साठ-पासष्ट टक्के लागतात. सँडर्स यांना २०१६च्या वसंतात हेच नडलं.

कांदेपोहे

मग माझ्याकडून कार्टर घ्या, मी काही फक्त फुगे फोडायला आलो नाही. १९६८ला हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले, त्यावर रान उठलं, नियम बदलले. बदललेल्या नियमांचा अभ्यास करणारा पहिला बाहेरचा माणूस जॉर्जियाचा. १९७४च्या डिसेंबरात जाहीर केलं तेव्हा लोक विचारत होते, जिमी कोण? आयोवात १९ जानेवारी १९७६ला २७-२८ टक्के. पहिले? नाही! ३७ टक्के लोकांनी ‘अजून ठरलं नाही’ असं सांगितलं होतं. पण दुसरे बेह १३ वर, म्हणून मथळा कार्टर यांचा. न्यू हॅम्पशायरला २८, युडॉल २३. तिथे पुरोगामी चौघांत वाटले गेले आणि मधला एकटाच.

मला यातली आवडणारी गोष्ट वेगळी. कार्टर जवळपास सगळीकडे उभे राहिले. मॅसॅच्युसेट्सला आपटले, पुढच्या आठवड्यात फ्लोरिडात वॉलेसना हरवलं. शेवटच्या दिवशी, ८ जूनला, कॅलिफोर्निया ब्राउन यांनी नेलं, न्यू जर्सीही गेलं, पण ओहायोत कार्टर निम्म्याच्या वर. शिकागोचे महापौर डेली आधीच म्हणून बसले होते की ओहायो बघू. दुसऱ्या दिवशी खेळ संपला. एका राज्यात मोठा बार उडवणारा आणि दर मंगळवारी कुठेतरी काहीतरी जिंकणारा, यात दुसरा धोकादायक.

मिशिगंधा

आणि मतदार कोण हे पण. न्यू यॉर्कची प्रायमरी बंद असते, नोंदणी त्या पक्षाची हवी. १९ एप्रिल २०१६च्या मतदानासाठी पक्ष बदलायची शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५, सहा महिने आधी! ट्रम्प यांची स्वतःची मुलं, इव्हांका आणि एरिक, ही तारीख चुकल्याने वडिलांना मत देऊ शकली नाहीत. ट्रम्प तरी ६० टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकले, पण सँडर्स यांचा अपक्ष तरुण मतदार तिथे दारातच राहिला. चाचणी ‘नोंदणीकृत डेमोक्रॅट’ची की ‘डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्यां’ची, हे बंद राज्यात आधी वाचा.

पारावरचा

शेवटची शंका. क्रमवार पसंतीची पद्धत असेल तर मतविभागणीचं सगळं गणित मोडतं ना? न्यू यॉर्क शहर, २०२५, महापौरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी?

गणितमास्तर

मोडतं. तिथे पाच नावांपर्यंत क्रम देता येतो, त्यामुळे २८ टक्क्यांवर कोणी जिंकत नाही. म्हणूनच ममदानी यांचं उदाहरण ट्रम्प किंवा ठाणेदार यांच्यापेक्षा वेगळं. फेब्रुवारीत चाचणीत १ टक्का. २४ जूनच्या पहिल्या मोजणीत ४३ टक्क्यांच्या वर, कुओमो ३६. सगळे बाद करून शेवटी ५६-४४. दुसऱ्या पसंतीची तजवीज मतदानाच्या अकरा दिवस आधी झाली होती: लँडर (आणखी एक उमेदवार) आणि ममदानी यांनी ‘मला पहिलं, याला दुसरं’ असं एकमेकांसाठी जाहीर केलं. पैशाचंही तसंच. शहर स्थानिक देणगीवर एकास आठ भरतं, २५० डॉलरपर्यंत. म्हणजे २५० दिले की उमेदवाराकडे २,२५०. मार्चमध्येच त्यांनी समर्थकांना सांगितलं की खर्चाची मर्यादा गाठली, आता पैसे पाठवू नका. चाचणीत मागे असलेला माणूस मार्चमध्ये असं म्हणतो, ही पाचवी खूण धरा हवी तर.

तळटीप

आणि जॉर्जिया, टेक्सास, अलाबामा, साउथ कॅरोलायना अशा दक्षिणेकडच्या राज्यांत गव्हर्नर, सिनेट, काँग्रेसच्या प्रायमरीला पन्नास टक्के गाठले नाहीत तर पहिल्या दोघांची फेरलढत. नॉर्थ कॅरोलायनात ३० टक्के पुरतात, आणि त्याच्या आत असला तरी दुसऱ्याने मागितली तरच फेरलढत. अध्यक्षपदाच्या प्रायमरीला यातलं काही लागू नाही. मिशिगंधांचे २८ टक्के जॉर्जियात फक्त दुसऱ्या फेरीचं तिकीट झाले असते.